चाकातला खेळ

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनी खांबाला टेकलं तरी चालेल, फक्त खांबाला झोप लागू देऊ नका. आज कथेआधी एकच प्रश्न टाकतो. जे आपलं आहे ते जपायचं कसं? घट्ट धरून, की जरासं सैल सोडून?

'घट्ट' — बघा, बायकांच्या पहिल्या रांगेतून लगेच आलं. सासूबाई असणार. असू दे. ऐका.

सोनवट घाटाच्या माथ्यावर पाणुंद्रे नावाचं गाव. गाव कसलं, धुक्यानं वापरून उरलेली जागा. तिथं राहायचे महिपतराव खोराटे. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. आपल्या हातून कधी एक नट सैल सुटला नाही, हा त्यांचा अभिमान. घरातही तेच. दाराची कडी घट्ट. लोणच्याच्या बरणीचं झाकण इतकं घट्ट, की बायकोला, अनसूयाबाईंना, फोडीसाठी शेजारच्या पैलवानाला हाक मारावी लागायची. आणि पोरं? पोरं सगळ्यात घट्ट.

थोरला धैर्यशील. पुण्याला नोकरी लागली आणि त्यानं मोठी मोटरसायकल घेतली. महिपतराव फोनवर एवढंच बोलले, "त्या धुडावर बसून माझ्या दारात यायचं नाही." पोरगा बापाचाच होता. आला नाही. पुढं कावीळ झाली, अंगात भिनली, आणि पोरगा गेला. दिवसकार्य उरकल्यावर एका टेम्पोतून मोटरसायकल तेवढी दारात आली.

म्हणजे त्यानं शब्द पाळला. बसून नाही आला.

टेम्पो गेला. महिपतराव गाडी अंगणातून गोठ्याकडं ढकलायला लागले, तर पुढच्या चाकातून आवाज आला. खुळखुळ. ते थांबले, आवाज थांबला. चालले — खुळखुळ. पायात बारीक घुंगरू घालून कुणी शेजारून चालावं, तसा. त्यांनी ब्रेकची मूठ दाबली. चिडीचूप. सोडली. खुळखुळ.

मंडळी, ब्रेक दाबल्यावर ओरडणाऱ्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. दाबल्यावर गप्प बसतो, म्हणजे काय? म्हणजे ऐकतोय.

ओसरीवर अनसूयाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खुळखुळा आहे त्याचा. पाळण्यात असंच वाजवायचा. तुम्ही डाफरलात की गप व्हायचा."

महिपतरावांनी हँडलवरचे हात काढून घेतले.

आता धाकटी. वैजयंता, घरात वैजू. घाटाखालच्या सरकारी दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, "आबा, दादाची गाडी मी चालवणार. एस्टीची वाट बघून माझे पेशंट बरे होऊन घरी जातात." आणि चालवायला लागली. रोज परत आली की फाटकाशी इंजिन बंद करायची आणि गाडी हातानं आत आणायची. खुळखुळ, खुळखुळ. आईचा चेहरा फुलायचा. बाप दाराआड उभा. त्याच्या मनात एकच — ह्या पोरीच्या बरोबर रोज घाट उतरतंय कोण? आज बरोबर येतोय, उद्या बरोबर घेऊन जाईल.

तुम्ही काय केलं असतंत? हो, तेच. मिस्त्री गाठला.

तिठ्यावरचा इलाही मिस्त्री. हाताला गुण होता, पण तोंडात कायम पान. त्यानं पुढचं चाक अधांतरी केलं, ब्रेकची चकती दोन बोटांत धरून हलवली. चकती जराशी हलली. खुळ्. मिस्त्री पान सांभाळत म्हणाला, "खेळ आहे."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हंजे? चाकात आहे. ऱ्हाऊ द्या. खेळू द्या."

"काढता येईल का?"

"काढाल तर गाडी मारंल."

आता गंमत बघा. दोन भागांच्या मधे मुद्दाम ठेवलेली बारीक मोकळीक, तिला मिस्त्री लोक 'खेळ' म्हणतात. कारखान्यात साहेब त्यालाच 'प्ले' म्हणायचे, आणि तो दिसला रे दिसला की महिपतराव पाना घेऊन धावायचे. पण 'खेळ' म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढं यायची ती देवीची जत्रा. केस सोडून घुमणाऱ्या बाईकडं बोट दाखवून लोक म्हणतात ना, खेळतंय. तोच.

चाकात खेळतंय. काढलं तर मारंल.

महिपतराव वाटभर विचार करत आले. काढायचं नाही ना? ठीक. मग बांधून टाकू.

वैजूच्या सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, ती मैत्रिणीकडं गेलेली बघून, त्यांनी वेल्डिंगचं सामान मागून आणलं. ती चकती एका तुकड्याची नव्हती. बाहेर ब्रेक धरतो ती कडी, आत चाकाला बसवलेला भाग, आणि दोन्ही जोडणारी गोल बटणं. महिपतरावांनी एकेक बटण डाग देऊन पक्कं केलं. जन्मात केलं नव्हतं इतकं सुबक काम. मग गाडी अंगणातून फिरवली. आवाज नाही.

अनसूयाबाई आतून बाहेर आल्या. "गप का झाला?"

"झोपला," महिपतराव म्हणाले.

त्या गोठ्यात जाऊन गाडीशेजारी बसल्या. बराच वेळ. जेवायलासुद्धा आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू निघाली. सोनवटचं धुकं तुम्हांला ठाऊक नाही. आपलाच हात आपल्याला ओळख दाखवत नाही. तिनं घाट उतरायला घेतला. वळण आलं, ब्रेक. वळण, ब्रेक. थोडी खाली उतरली असेल, आणि बोटांखाली काहीतरी हललं. ब्रेकची मूठ ठोका देत होती. ठक. ठक. ठक. रोज मनगटं धरणारी पोरगी. तिला दुसरं काय वाटणार? मुठीला नाडी लागत होती. आणि नाडी चढत होती.

"दादा?" असं म्हणाली की नुसतं वाटलं, तिला सांगता येत नाही.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

खुळखुळ.

चाकातून नव्हे. चाक तर बांधलेलं. मागून, धुक्यातून, इंजिनच्या आवाजाला न जुमानता. कुणीतरी घाईनं उतरत यावं, तसा. वैजूला बापाची करणी माहीत नव्हती. तिनं ऐकायला म्हणून गिअर उतरवला, गाडी अगदी सावकाश केली, कान दिला.

आणि पुढं वळण. तिनं मूठ दाबली, तर ती पार हँडलला जाऊन टेकली. पोकळ. पुढचा ब्रेक नावाला नाही. पण वेगही नव्हता. तिनं गाडी डोंगराच्या बाजूला घातली, चिखलाच्या चरात. कोपर सोललं, तेवढंच. उठून पुढं जाऊन पाहिलं, तर वळणाचा कठडा ढासळलेला. तिथून खाली फक्त धुकं.

मिस्त्रीला आणलं. महिपतरावही धापा टाकत आले. चाक काढलं, तर चकती भाजलेल्या पापडासारखी वाकडी. डाग बघून मिस्त्रीनं आयुष्यात पहिल्यांदा पान थुंकलं.

"काका, ब्रेक मारला की कडी तापते. तापली की फुगते. फुगायला जागा पाहिजे म्हणून बटणांत खेळ ठेवलेला असतो. ब्रेक दाबला की कडी धरली जाते, गप होते. सोडला की जरा वाजते. तुम्ही जागा बुजवलीत, मग ती वाकणार न्हाईतर काय करणार? वाकडी कडी ब्रेकच्या पॅडना मागं ढकलत बसली, मूठ पोकळ झाली."

"म्हणजे सैल असलेलंच बरं?"

"जरासं. चकती आडवी किंचित हलली, तर हलू दे. पुढं-मागं ठोका बसाय लागला, तर मात्र झिजलं, बदलायचं."

"हे तू तेव्हा का नाही बोललास?"

"तोंडात पान होतं."

वैजू कोपर धरून उभी होती. म्हणाली, "आबा, तुम्ही बांधून टाकलंत. मग माझ्या मागं वाजत होतं ते काय?"

मिस्त्री म्हणाला, शेळ्या असतील. धुक्यात त्या घाटाला शेळ्या कुणी घालत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. महिपतराव वर रस्त्याकडं बघत राहिले.

नवी चकती बसली. गाडी दारात आली. वैजू ढकलायला लागली तर महिपतराव म्हणाले, "दे इकडं." त्यांनी फाटक सताड उघडलं, हँडल धरलं. खुळखुळ. उंबऱ्याशी आल्यावर थांबले. आवाज थांबला. अनसूयाबाई ओसरीवर उठून उभ्या राहिल्या.

महिपतराव म्हणाले, "ये. आत ये."

आणि गाडी पुढं घेतली.

आता मंडळी, टाळ हातात घ्या. मधली दोरी बघा, किती सैल आहे. दोन्ही वाट्या एकमेकींना आवळून धरा आणि वाजवून दाखवा मला. नाही ना वाजत? घरी कुणाकुणाला असं धरून ठेवलंय, ते ज्याचं त्यानं आठवावं. पहिल्या रांगेनं जरा जास्त आठवावं.

परत जाताना तुम्हांलाही उतार लागेल, आज धुकंही आहे. मागून खुळखुळ आली, तर वळून बघू नका. घाबरूही नका. फक्त सावकाश चला. कुणीतरी आपल्याला जरा मोकळं सोडून, मागून येत असतं.

बोला, नाम घ्या. टाळ सैल धरा.