चौकात थांबलेली बस

(सकाळ. बसड्रायव्हर बुटाच्या नाड्या बांधतो आहे. बायको दार अडवून उभी.)

ती : डेपोत जाऊ नका, असं मी म्हणतच नाहीये. आधी खरं सांगा.

तो : सांगितलं की. काल चौकात गाडी जरा जास्त थांबली. सिग्नल होता.

ती : सिग्नल हिरवा होता. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. कंडक्टर भावजींचा फोन आला होता.

तो : त्याच्या पोटात काही राहायचं नाही.

ती : तुम्ही त्यांना विचारलंत म्हणे, डावीकडे की उजवीकडे?

तो : साखर उतरली असेल.

ती : घरी आल्या आल्या मीच मोजली ना. चांगली चढलेली होती.

तो : अगं, जन्म गेला त्या रस्त्यावर. डोळे मिटून गाडी नेईन.

ती : तेच तर नकोय. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?

तो : गोळ्या वेळेवर घ्या. घेतोय.

ती : आत्ता घेताय. इतकी वर्षं डायबेटिसला हसण्यावारी नेलंत. आणि त्या पुढे काय म्हणाल्या, ते का गिळताय?

तो : साखरेनं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यानं विसरायला होतं. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. साखर ताब्यात ठेवली, रोज चाललो, तर घसरण हळू होईल. झालं? हे बरं लक्षात राहिलं.

ती : मग डेपोतल्या साहेबांना सांगू या.

तो : आणि गाडी काढून घेतली की मी कोण? घरात बसून माश्या मारू?

ती : एक विचारते. आज नातीला तुमच्या बसमध्ये बसवू? शाळेपर्यंत, एकटीला?

तो : (बांधलेली नाडी पुन्हा सोडतो.)

ती : बोला ना.

तो : नको.

ती : का?

तो : नको म्हटलं ना. आता म्हणशील, बसमधली बाकीचीही कुणाची तरी नातवंडंच आहेत.

ती : मी काही म्हणाले का?

तो : नाही म्हणालीस, म्हणूनच जास्त लागलं. बरं, रिपोर्ट पिशवीत टाक. साहेबांना मीच सांगणार, कंडक्टरच्या तोंडून नको. वर्कशॉपात काम मागतो. नाहीतर गाड्या धुईन, पण रिकामा बसणार नाही. आणि डेपोपर्यंत चालत जाऊ.

ती : थांबा, चप्पल घालते.

तो : ऐक. बोलता बोलता मध्येच अडलो तर?

ती : तर मी थांबेन. पुढचं तुम्हीच सांगाल.