एव्हान्थिया मावशीचं दुसरं ताट

“बसमध्ये दुसऱ्यांच्या घरचं ऐकत बसू नकोस, ते आपल्या घरी मुक्कामाला येतं,” असं सासूबाईंनी बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. काल डोंगरातून हानिया शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये बाळ मांडीवर झोपलं होतं आणि पुढच्या सीटवर नणंद-भावजय बोलत होत्या.

“वहिनी, एव्हान्थिया मावशी अजून अंड्याला शिवत नाही?”

“नाही. ईस्टरचे उपास सुटून पाच आठवडे झाले. ती परदेशी पोरगी आली ना, तेव्हापासून.”

“कुठली?”

“डोंगरातली घळ पायी उतरायला आलेली. मांस नको, दूध नको, अंडं नको. सगळं गाव कोकरू खात होतं. मावशीला वाटलं, हिच्या घरात कुणी गेलंय, म्हणून उपास धरलाय. तिला पावटे शिजवून वाढले, रानभाजी वाढली.”

“अगं, ती माणसं बारा महिने तसंच खातात.”

“मी सांगून दमले. पोरगी म्हणाली, उद्या परत येते. मावशी म्हणते, उपासाच्या माणसाला एकटं सोडू नये. ती येईपर्यंत मीही उपास सोडणार नाही.”

“ती घळीच्या तळाशी समुद्रावरून बोटीनं गेली असणार.”

“सगळेच जातात. मावशी रोज दोन ताटं मांडते. परवा चुलीपाशी चक्कर येऊन पडली.”

“मग आता पेत्रोखोरीला तिच्याजवळ कोण आहे?”

“तुझी लेक थांबणार होती ना?”

“ती कालच अथेन्सला गेली. मला वाटलं, तू कुणाला तरी ठेवलंस.”

हानिया येईपर्यंत दोघी आळीपाळीनं फोन लावत राहिल्या.

पेत्रोखोरी गावावरून जाणार असाल तर चर्चमागच्या मावशीच्या घराचं दार वाजवा. भूक नसली तरी त्या दुसऱ्या ताटावर बसा. आणि दार कुणी उघडलं, ते मला कळवा.