यंदा मृगाचं वाहन हत्ती

(किल्लारी, भूकंपानंतर वसलेलं नवं गाव. जूनमधली सकाळ. दारात बालाजीचा पेरणीचा ट्रॅक्टर उभा आहे. घरात दगडोबा, त्यांची बायको केवळाबाई, आणि लातूरला क्लासला असलेली नात साक्षी.)

साक्षी : आबा, पोत्यावरचा हात काढा. आज पेरायचं नाही म्हणजे नाही.

दगडोबा : मृगाचं वाहन हत्ती हाय यंदा. पंचांगात छापलंय. हत्तीवर बसून येणारा पाऊस हात आखडत नसतो, पोरी.

साक्षी : गेल्या साली बेडूक होता. बेडूक म्हणजे धो धो, असं तुम्हीच म्हणाला होता. सोयाबीन मातीतच भाजून निघालं.

दगडोबा : पडला की पाऊस! औशाकडं पडला.

साक्षी : त्याच्या आदल्या साली कोल्हा. तुम्ही पाऊस कमी म्हणाला, आणि मूग पाण्यात गेला.

दगडोबा : कोल्हाच त्यो. लबाडी करणारच.

साक्षी : म्हणजे पडला तरी पंचांग खरं, नाही पडला तरी खरं!

दगडोबा : आता कसं बोललीस!

साक्षी : आबा, पाऊसकाळच बदललाय. दोन सरी येतात आणि मग दडी मारतो. हवामानाचे आकडे दाखवले ना तुम्हाला मोबाइलवर?

दगडोबा : बहात्तर सालीबी दडी मारली हुती. तवा कुठं हुता तुझा हवामान बदल?

साक्षी : तुम्हाला सोयीचं तेवढंच साल आठवतं! डोकं फिरायची वेळ आली माझी. आमचे सर म्हणतात, उत्तर पक्कं वाटलं की आधी ते चुकीचं ठरवून बघा, मगच उत्तरपत्रिकेतला गोल काळा करा. सांगा, काय झालं तर पंचांग चुकलं म्हणाल?

दगडोबा : चुकतच न्हाई, तर सांगू काय? सरक बाजूला.

साक्षी : नाही सरकणार. क्लास बुडवून आलेय. घरचं बी एवढंच आहे. हे जळालं तर दुबार पेरायला मूठभर उरत नाही.

केवळाबाई : अहो, भूकंपाच्या साली काय होतं पंचांगात?

दगडोबा : त्याचं काय आता?

केवळाबाई : पाडव्याला देवळात वाचलं होतं. सुखाचं साल, घरोघरी भरभराट. तुमीच घरी येऊन सांगितलं. दिवाळीच्या आत आपला लेक नामदेव भिंतीखाली गेला.

दगडोबा : भूकंपाचं पंचांगात नसतंय.

केवळाबाई : नसंल. पण ते साल तुमी कधी धरीतच न्हाई.

दगडोबा : कसं धरू? पायाखालची जमीनबी आपली न्हाई, हे त्या राती कळलं. काय तरी एक पक्कं लागतंय का न्हाई माणसाला?

साक्षी : लागतं, आबा. पंचांग नाही मी काढून घेत. बी तेवढं माझ्याकडं द्या. सकाळी रानात हात घालून बघितला. वर बोटभर ओल, खाली नुसता फुफाटा. मनगटापर्यंत ओल गेली की मीच बोलावते ट्रॅक्टर.

दगडोबा : आन उद्याच आला पाऊस, तर हत्तीवरच आला म्हणीन मी.

साक्षी : म्हणा. वाद घालणार नाही.

दगडोबा : लई हट्टी हायस. जा, बालाजीला सांग, ट्रॅक्टर माघारी ने.

साक्षी : आणि ‘का?’ म्हणाला तर?

दगडोबा : म्हण, नात ऐकंना.