शाकारलेली होडी

बसा सर, मग पुढं? जर्मनीच्या खलाशांनी बॉयलरची आग विझवली आन् आरमार बंदरातच राहिलं, इथवर सांगितलंत. लढाई हरलेली हाय, तरी वरचे साहेब म्हणतात, शेवटचं एकदा इंग्रजांवर जाऊ, इज्जत राहील. इज्जत साहेबांची, बुडायचं खलाशांनी — वा. हसू नका, मी खलाशांना हसतोय. हुकूम म्हंजे हुकूम. हे खूळ माझ्या रूपेशच्या डोक्यात तुमीच घातलं असणार, तुमच्याच कॉलेजात शिकला तो. आमच्याकडं यंदा मे महिना सरत आला होता. सातपाटीच्या होडीनं टोपल्या भरून पापलेट आणलं, आन् आमची आली रिकामी. मी म्हटलं, मासेमारीची बंदी लागायच्या आधी एक फेरी मारू. वारा फिरलेला — मला काय दिसत नव्हता? मिशी फुटायच्या आधीपासून सुकाणू धरलंय मी. खलाशी तोंडावर नाय म्हणाले? छे, तेवढी हिंमत कुठली. मी जेवायला घरी आलो, तेवढ्यात त्यांनी होडी वर ओढली आन् झावळ्यांनी शाकारली. तुमी बोईसरचे, तुमाला काय कळणार — एकदा शाकारली की नारळी पुनवेपर्यंत होडी पाण्यात जात नाय. होडीचा कप्तान, तांडेल मी, मी सांगितलं तरी नाय. माझ्याच रीतीनं मला बांधलं. आन् वर चढून झावळ्या बांधत होता कोण? माझा पोरगा. क्रांतिवीर.

वादळ? आलं की, त्याच संध्याकाळी. सकाळी कैलास खलाशाची बायको अंगणात येऊन माझ्या पाया पडली. म्हणाली, "काका, तुमी होडी शाकारून घेतली म्हणून माझा माणूस घरी हाय." मी घेतली! आन् मी? पाया पडू दिलं.

तर तुमचा तो जर्मनीचा बादशहा, कैसर, हॉलंडला पळाला, आन् लाकडं फोडत बसला म्हणता. मरेस्तोवर? आन् परत बोलावलं नाय कोणी? — सहज विचारतोय. आज पुनव हाय, मला माहीत हाय. आमच्या होडीचा नारळ तांडेल दर्यात सोडतो, मगच होडी पाण्यात जाते, तेही माहीत हाय. तो सोनेरी कागदाचा नारळ? आमच्या हिनं, पुष्पलतानं ठेवलाय तिथं, बायकांना हौस — बरं, मीच सांगितलं तिला. रूपेशनं पाठवलं ना तुमाला? तांडेलाला बोलवायला मास्तर पाठवतो. स्वतः दारात यायला पाय दुखतात त्याचे. माफी कोण मागतंय? नुसतं 'बाबा, चला' म्हणायचं होतं. मी काय नाय म्हटलं असतं? सकाळपासून नवा सदरा घालून बसलोय, या उकाड्यात —

थांबा. ते इंजिन ऐकलंत? आमचं हाय. गावातल्या सगळ्या होड्यांत ओळखतो मी तो आवाज. पाण्यात गेली. म्हंजे नारळ कोणी —

नका सांगू.

जा तुमी, सर. एसटी चुकेल. दार ओढून घ्या जाताना.