दोन बाटल्या पानी

चहा घेता घेता ऐका. आमची स्वरा दुसरीत आहे नं, तिच्या पालकसभेले गेलतो परवा. तिच्या मॅडम पुण्याकडच्या, याच वर्षी आल्या. त्या म्हणाल्या, "स्वरा वर्गात अजिबात बोलत नाही हो. शाळा सुरू झाली तेव्हापासून एक शब्द नाही."

मले हासूच आलं. घरी त पोरगी झोपेतही बडबडते! मी तिले तिथंच इचारलं, "काहून वं, मॅडमसंग काहून नाही बोलत तू?"

ते खाली मान घालून म्हणे, "पयल्या दिवशी मी म्हणलं, 'मॅडम, मले पानी पाह्यजे.' मॅडम म्हणे, 'मले नाही, मला म्हण.' त सारे पोट्टे हासले. तवापासून मी काही मांगतच नाही. पानी घरूनच आणतो."

आता मले सांगा. रोज सकाळी दोन बाटल्या मीच भरून देत होतो. पोरगी पानी लय पेते, तब्येतीले चांगलं आहे, म्हणून वरतून सगळ्याईले सांगत फिरत होतो!

मॅडमचा चेहरा उतरला. बाई चांगली आहे, खोटं कायले बोलू. स्वराजवळ खाली बसल्या अन् आमच्या बोलीत म्हणाल्या, "मंग मले सांगितलं काहून नाही?"

स्वरानं इकडंतिकडं पाह्यलं, अन् त्याईच्या कानाजवळ जाऊन हळूच म्हणलं, "मॅडम, 'मले' नका म्हणू. पोट्टे हासतीन."