प्रार्थनेनंतरच्या गोळ्या

घानातल्या कुमासीची बस सुटली, तसा औषधविक्रेता उठला. सगळ्यांकडून मोठ्यानं प्रार्थना म्हणवून घेतली आणि कंबरदुखीच्या गोळ्या बाहेर काढल्या. उकडलेल्या कंदांचं फुफू कुटून कुटून कंबर मोडलेली अफ्रिये पावलांत रुतणारे चपलेचे पट्टे सोडून बसली होती. तिनं नेहमीच्या पुडीसाठी पैसे काढले, तोच मागच्या बाकावर दोघी बोलू लागल्या.

“मान्सा, आज नाही घेत? तू तर त्याचं हक्काचं गिऱ्हाईक!”

“नको गं बाई. वर्षभर चण्यासारख्या खाल्ल्या. पाय सुजले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गोळ्यांनी मूत्रपिंडं खराब होताहेत.”

“अगं, पण तो आधी प्रार्थना करतो!”

“करतो ना. पोटात मात्र गोळीच जाते.”

“मग आता?”

“वेळेवर आलात, म्हणाल्या. गोळ्या बंद केल्या. परवाची तपासणी बरीच चांगली आली. हे बघ, चप्पल पुन्हा पायात जातेय!”

“आणि कंबर?”

“दुखते अजून. व्यायाम दिलाय. सून हसते, मी करते.”

औषधविक्रेता अफ्रियेपाशी आला.

“ताई, नेहमीची पुडी?”

अफ्रियेनं आपल्या पावलांकडे पाहिलं. मग ती मागे वळली.

“मावशी, तुमच्या डॉक्टरीणबाईंचा थांबा कुठला?”