सहा चाखणारे, एक बॉब

हॅलो? … हां, चैत्राली, बोल… अगं नाही, मीटिंगमध्ये नाही. साडेबारा वाजलेत. साडेबाराला या ऑफिसात आग लागली तरी लोक आधी हातातला पाव-चीज संपवतील… हो, खिडकीपाशी बसलेय. समोर नदी, डब्यात कालची मेथी, शेजारी कुणी नाही. एक वाजेपर्यंत तुझीच आहे मी.

काय? फॉर्म? … आज दोनच्या आत पाठवायचाय? अगं मग काल का नाही केलास? … हो, हो… पूर्णिमाचं ठरत नव्हतं. तिचं कधी ठरतं? तिला सोडून द्यायचं, ती बरोबर गाडीत येऊन बसते.

बरं, ऐक. दोन द्राक्षमळे. पहिला अकरा वाजता, ऊस्टरस्केल्डच्या खाडीकाठी, बांधाच्या आतल्या बाजूला… नाही, खाली उभं राहून समुद्र दिसत नाही. बांधावर चढायचं. पाणी वर आणि द्राक्षं खाली… अगं झीलंडच आहे ते, हॉलंडचं समुद्राकडचं टोक, तिथे सगळं असंच असतं. दुसरा मळा अडीच वाजता, किनाऱ्याला लागून, वाळूच्या टेकड्यांमागे. मधे जेवण. जेवायला मसल्स, ते काळे शिंपले… हो, आणि नीलांबरी बसेल सांगत, आमच्या रत्नागिरीचे शिनाणे याहून कसे चांगले. सांगू दे. पूर्णिमासाठी बिनमाशाचं काहीतरी मागवलंय मी, काळजी नको.

आणि आकडा पक्का लिही. ‘सहा-सात जण’ असलं लिहू नकोस. त्या ट्यूलिपच्या शेतवाल्याला तू ‘आठ-दहा’ लिहिलं होतंस आणि त्याने उलटं विचारलं होतं, आठ की दहा?… हसू नकोस. तीन दिवस त्याची झोप उडाली असेल.

काय म्हणालीस? … छे, तिथे वाइन नुसती गोड नसते. आमच्या ऑफिसातला पीटर दर वर्षी जातो ना, तो सांगत होता. पांढरी घ्यायची. घोट गिळला की मागाहून जिभेवर थोडं खारट येतं. समुद्राचा वारा लागतो म्हणे द्राक्षांना… हो ना! मीसुद्धा त्याला तेच म्हटलं, द्राक्षाला वारा लागून कुठे मीठ येतं का. तो म्हणाला, जाऊन बघ. तेव्हापासून, खरं सांगू, सहा महिने तेच डोक्यात आहे. म्हणून तर ही सहल काढली मी.

हां, वाच. … नावं बरोबर आहेत. गाडीचा नंबर तोच. मग? … ‘चाखणारे, सहा’… थांब. सहा कसे? आपण सात आहोत ना. तू, आशुतोष, सुबोध, पूर्णिमा, नीलांबरी, आमचा जयेश आणि मी. सात… पुढे काय लिहिलंय? … ‘बॉब, एक’.

कोण?

… नाही, ऐकू आलं मला. या देशात न पिता गाडी चालवणाऱ्याचं नाव बॉब, बाई असो की बुवा, तेही माहीत आहे. मी विचारतेय, नाव कुणाचं लिहिलंस?

… माझं.

… नाही गं, काही झालं नाही. घास होता तोंडात.

… हो, द्राक्षाचा रस देतात बॉबला. फुकट देतात. वाचलंय मी, ती वेबसाइट तुला मीच पाठवली होती… हो, चांगलाच असेल रस. ताजा असेल.

चैत्राली, एक विचारू? मी घेत नाही, हे तुला कुणी सांगितलं?

… ‘सगळ्यांना माहीत आहे’. बरं. सगळ्यांना कुणी सांगितलं?

… मी? मी कधी म्हटलं? … नाही, आठव. आठव ना. मी सांगते कधी. तुमच्या बेस्ट गावातल्या घराची वास्तुशांत झाली, त्या संध्याकाळी. नऊ वर्षं झाली. मी या देशात येऊन दोन महिने झालेले, हिरव्या रंगाची साडी, कुणाची ओळख नाही. तू ट्रे घेऊन आलीस. लाल, पांढरी, अशा ग्लासांचा. मला म्हणालीस, सुमेधा, घेणार? मी म्हटलं, नको.

आणि तू ट्रे घेऊन पुढे गेलीस.

… अगं ‘मग’ काय मग! पहिल्यांदा गेलेल्या घरी कुणी पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणतं का? पोह्यालासुद्धा ‘नको, आत्ताच खाऊन आलो’ म्हणतो आपण. माझ्या सासरी पाहुण्याने तीनदा नको म्हटल्याशिवाय त्याला नको आहे असं धरत नाहीत. मी पहिलं नको म्हटलं, दुसरं तयार ठेवलं होतं, तिसऱ्याला ‘बरं, थोडीशी’ म्हणणार होते. तू दुसऱ्यांदा विचारलंसच नाहीस! तू तेव्हाच डच झालेली. एकदा विचारायचं, उत्तर घ्यायचं, पुढे जायचं.

… नाही, चिडले नाही. हसतेच आहे. पुढचं ऐक ना. महिन्याने सुबोधकडे कोजागिरी. आशुतोष बाटली घेऊन आला, माझ्यापाशी थांबला आणि स्वतःच म्हणाला, ‘सुमेधाला नको, ती घेत नाही.’ तिसऱ्या वेळी मी चप्पल काढेपर्यंत माझ्या हातात ऑरेंज ज्यूस. चौथ्या वेळी गाडीची किल्ली.

… तेव्हाच का नाही बोलले? काय बोलणार होते? ‘भावोजी, माझी वाइन राहिली’? मला वाटलं, पुढच्या वेळी कुणीतरी विचारेल. मग आपल्या सगळ्यांच्या आया यायला लागल्या इथे उन्हाळ्यात. तुझ्याच सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सुमेधा बरोबर आहे ना, मग काळजी नाही. एकदा कुणाची काळजी मिटवायला लागलं ना माणूस, की त्याला परत फिरता येत नाही… मी मोजलंय, चैत्राली. बागेतली बार्बेक्यू, दिवाळ्या, ती बेल्जियमची सहल, सगळं धरून एकोणतीस वेळा. एकोणतीस वेळा मीच स्टिअरिंगवर.

… हो, मोजते मी. ऑफिसातही तेच करते. तुला सांगितलंय ना मी काय करते? … ‘बंदरात काहीतरी’. बरं. वाइनचे कंटेनर कस्टममधून सोडवते मी. चार वर्षं. दक्षिण आफ्रिकेच्या केपवरून येते, चिलीहून येते. एकेका कंटेनरात चोवीस हजार लिटर, एका पिशवीत. कुठल्या मळ्याची, किती तापमानाला आली, किती दिवस उन्हात राहिली, सगळे कागद माझ्या हातून जातात. पीटर म्हणतो, या मजल्यावर सुमेधाएवढी वाइन कुणाला कळत नाही. आणि मी मान हलवते.

… घरी? घरी कशी घेणार? मी एकटीने बाटली उघडली तर जयेश विचारणार, आज काय विशेष? विशेष काही नाही, हेच तर त्याला सांगता येत नाही.

… नाही. एक बाटली बांधून घरी आणून देऊ नकोस मला. … नाही, चूळ भरून बादलीत टाकायचीही नाही. जाणकार टाकत असतील. मी एवढ्या लांब जाऊन थुंकणार नाही.

… जयेश? अगं जयेश म्हणेल हो, मी चालवतो. पहिल्या मळ्यापर्यंत चालवेल. मग म्हणेल, ‘एकच’. त्याच्या एकच-शी माझी सोळा वर्षांची ओळख आहे.

… हं. … हं. … तू माझी समजूत काढू नकोस, चैत्राली. तुला वाटतंय मी रुसलेय आणि तू दोनदा विचारलंस की मी ‘राहू दे, चालवते मीच’ म्हणेन. म्हणाले असते. दर वेळी म्हणाले. म्हणून आता गोल गोल न बोलता सांगते. मला वाइन चाखायचीय. दोन्ही मळ्यांत. पूर्ण ग्लास. मला हवीय.

… झालं. बोलले.



… ‘एवढंच?’ हो, एवढंच! नऊ वर्षं लागली एवढ्याला, आणि तू म्हणतेस एवढंच! … हो गं, मला माहीत आहे तू वाईट नाहीस. मी सरळ सांगायला हवं होतं, कबूल. आणि तू अजून एकदा विचारायला हवं होतंस. हां. दोघींचं अर्धं अर्धं.

बरं मग, लिही. चाखणारे सहा, बॉब एक. आकडे तेच राहू दे, नाव बदल… कुणाचं? चल, बघू. सुबोध तीनदा नापास झालाय ड्रायव्हिंगला. चौथ्या वेळी म्हणे परीक्षक त्याला बघून लिफ्टमधून परत गेला. नीलांबरीकडे सायकलशिवाय काही नाही. पूर्णिमाकडे लायसन्स आहे, पण वाटेतल्या त्या पाच किलोमीटरच्या पुलावर ती डोळे मिटून घेते. बाजूला बसलेली असताना मिटते, चालवताना काय करेल ते मला बघायचं नाहीये. आशुतोष… तुझा नवरा आहे, मी काही बोलत नाही. मोटारवेवर मागच्या ट्रकवाल्यांनी जे बोलायचं ते बोलून झालंय.

मग राहिलं कोण? … हं, कोण बरं. इथली परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली एक बाई आहे आपल्यात. बेस्टमध्ये राहते. नऊ वर्षं सांगतेय सगळ्यांना, पहिल्या फटक्यात.

… माझी गाडी मोठी आहे म्हणून तुला भीती वाटते? अगं कॅमेरा आहे मागे. … तुझीही खूप इच्छा होती? असेल ना. मला माहीत आहे ती इच्छा कशी असते.

… काय? चिठ्ठ्या टाकायच्या?

चैत्राली. एकोणतीस वेळा टाकल्या का चिठ्ठ्या?

… हं. …

… नाही, सकाळी तू चालवायचं आणि दुपारनंतर मी, तसंही नको. दुपारच्या मळ्यात बसून ‘उतरली का’ म्हणून मी घड्याळ बघणार नाही. ही एक सहल. पुढची चिठ्ठ्यांनी, त्यापुढच्या सगळ्या चिठ्ठ्यांनी, माझंही नाव टाका त्यात, मी चालवेन, तोंड वाकडं करणार नाही. पण ही नाही.

… खरंच? … विचार करून म्हणतेस ना? नाहीतर आदल्या दिवशी आशुतोषचा फोन यायचा, वहिनी, जरा बघा ना.

बरं. मग लिही. … लिहिलंस? वाच… मोठ्यांदा वाच, तुझ्या ऑफिसात ऐकलं कुणी तर ऐकू दे. … ‘बॉब, एक. चैत्राली.’ छान. आणि वरच्या यादीत? … ‘सुमेधा’. हां. परत एकदा वाच ना ती ओळ… उगाच. बरं वाटलं म्हणून.

पाठवलास? … गेला? … शाब्बास.

आता काही गोष्टी सांगते, लक्षात ठेव. पुलावर वारा बाजूने मारतो, दोन्ही हात ठेवायचे. गाडीतल्या डबीत बडीशेप आहे, ती जयेशला द्यायची नाही, सगळी संपवतो. आणि परत येताना गाडीत जे बोलतात ना, त्यातलं काही मनावर घ्यायचं नाही. पहिल्या ग्लासला सुबोध कायमचा भारतात परत जातो. दुसऱ्याला मुळशीला जमीन बघतो. तिसऱ्याला परत येतो, मुलीच्या शाळेमुळे. त्याची पूर्णिमा प्रत्येक वेळी ‘जाऊ हं’ म्हणते आणि उतरताना मला विचारते, सोमवारी पोहण्याचा क्लास किती वाजता गं? … नाही, वाद घालायचा नाही. ‘हो हो’ म्हणायचं आणि रस्ता बघायचा.

… आशुतोष? आशुतोष झोपेत तुझं नाव घेतो. … अगं खरंच. बरंच घेतो. जागेपणी कमी घेतो हे माझ्या लक्षात आलंय, पण तो माझा प्रांत नाही… लाजतेस काय, मी काय कुणाला सांगितलंय का कधी?

… तू? तू तिसऱ्या ग्लासला डच बोलतेस. फाडफाड! डचच्या परीक्षेत बोलली असतीस तर ‘उत्तम’ मिळालं असतं. ‘मला कुणी विचारतच नाही, मी कशी आहे’, हे तू डचमध्ये बोलतेस, चैत्राली. मराठीत नाही.

… हो. ऐकलंय मी. सगळ्यांचंच ऐकलंय. … नाही गं, वाईट नको वाटून घेऊस. आता विचारते ना. कशी आहेस? … आत्ता नाही, नंतर सांग. नीट सांग. एक वाजत आला, केपचं जहाज लागलंय, त्याचे कागद आलेत टेबलावर. … हो, त्यातही वाइनच. बाकी काय असणार.

… मी? मी तिसऱ्या ग्लासला काय बोलेन? … अगं मला काय माहीत! मी तरी कुठे ऐकलंय मला?

… हं. तोंडातून काय बाहेर पडेल, मलाही तीच धाकधूक आहे. तूच ऐक. आणि हे बघ, मी काहीही बोलले ना, रडले, सासूबद्दल बोलले, कंटेनरबद्दल बोलले, तरी आरशातून बघू नकोस. गाडी चालवत राहा. मला संपवू दे… हो. चल, ठेवते. … ठेवते गं, खरंच ठेवते.